सात हौदांचं पाणी

सातही हौद घासूनपुसून लख्ख करायची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणावर ढकलायला नको.

आमच्या गल्लीत सात घरं हाताने कागद करतात. वहीचा कागद नव्हे. दुधावरच्या सायीइतका पातळ कागद, म्हणून त्याला सायच म्हणतात. जुनी पुस्तकं, फाटके नकाशे, झिजलेले दस्तऐवज दुरुस्त करणारे लोक लांबून लांबून तो मागवतात. फाटक्या पानावर साय चिकटवली की खालचं अक्षर न अक्षर वाचता येतं आणि पान पुन्हा फाटायचं नाव घेत नाही. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात एक ताव ठेवला आणि म्हणाल्या, "फाड." मी जोर लावला. बोटं लाल झाली, ताव जसाच्या तसा. सासूबाई हसल्यासुद्धा नाहीत. "बरं, आता चहा टाक," म्हणाल्या.

लग्नाआधी सहा वर्षं मी एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखक होते. तेवढ्यावर गल्लीने मला वकीलबाई करून टाकलं. त्यामुळे एका कारखान्याने यंत्रावरचा पांढरा फटक कागद आमच्या गावाच्या नावाने विकायला काढला, तेव्हा सगळे आमच्या अंगणात येऊन माझ्याकडे बघत बसले. मी चौकशी केली. भौगोलिक मानांकन नावाची एक सोय आहे असं कळलं. म्हणजे ही वस्तू याच जागेची, याच पद्धतीची, आणि हे नाव दुसऱ्या कुणी लावायचं नाही, अशी सरकारदरबारी नोंद करून घ्यायची. अर्ज मी लिहायला घेतला.

हद्दीचा रकाना सोपा गेला. नकाशा पसरला, तीन बाजूंना रस्ते होते, चौथ्या बाजूला नदी. नदी म्हणजे तर आयती हद्द. लाल पेन्सिलीने सरळ रेघ ओढली आणि मोकळी झाले.

पद्धतीच्या रकान्यापाशी मात्र घोडं अडलं. प्रत्येक घराचं म्हणे एक गुपित होतं. एकेका घराने मला आत बोलावलं, दार लावलं, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. पहिले चुप्पे काका. हे दिवसाला दहा शब्दांच्या वर बोलत नाहीत, म्हणून त्यांचं नाव चुप्पे. त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "भिजवलेल्या बियांचं बुळबुळीत पाणी. लगद्यात. सहा पळ्या." दुसऱ्या घरात दुसरं दार लागलं, दुसरी शपथ झाली, आणि गुपित निघालं भिजवलेल्या बियांचं पाणी, सहा पळ्या. तिसऱ्या घरी मी ओठ चावून हसू दाबलं. सातव्या घरातून बाहेर पडले तेव्हा हसू कुठल्या कुठे गेलं होतं. किती पिढ्या कुणी कुणाला सांगितलं नाही, आणि एकाचीही एक पळी इकडची तिकडे झाली नव्हती. मी रस्त्यातच थोडी उभी राहिले. गुपिताचं पान बंद पाकिटात गेलं. त्यात फक्त आपलंच गुपित आहे असं आजही प्रत्येकाला वाटतं, आणि मी मूग गिळून गप्प आहे.

शेवटचा रकाना होता स्वच्छतेचा. मी सासूबाईंना विचारलं, "आई, हौद रिकामा कधी करता?"

"रिकामा? कशाला?"

"अहो, पाणी बदलायला."

"कमी झालं की वरून घालतो ना."

माझ्या डोळ्यांपुढे आमचा हौद आला. दगडी, कमरेइतका उंच, आत चहाच्या रंगाचं पाणी, त्याला ओल्या पोत्यासारखा वास. त्या खोलीत मी अकरा वर्षं नाकाला रुमाल लावूनच गेले होते. मी अर्जात लिहिलं, "सर्व हौद नियमितपणे रिकामे करून स्वच्छ केले जातात." कागदावर काय शोभून दिसतं हे सहा वर्षांत मला चांगलंच कळलं होतं.

मग पत्र आलं. परीक्षक अमुक तारखेला येणार, काम प्रत्यक्ष बघणार. लिहिलंय ते खरं दिसायला नको का? मी धुण्याचा सोडा आणला, ब्रश आणले, आणि सात घरी फर्मान सोडलं. आमच्याच हौदापासून सुरुवात केली.

"सगळं सांडायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आई. परीक्षक नाक धरून उभा राहिला तर काय करायचं?"

त्या हौदाच्या काठावर हात ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस," आणि तळाचा बोळा त्यांनी स्वतःच्या हाताने ओढला. बाकीच्या सहा घरांनीही वकीलबाईंनी सांगितलंय म्हणून बोळे ओढले. दुपारभर गटारातून तपकिरी पाणी वाहत होतं, संध्याकाळी स्वच्छ यायला लागलं. मी दारात उभी राहून ते कौतुकाने बघत होते.

दुसऱ्या दिवशी नवं पाणी भरलं, लगदा घातला, सहा पळ्या घातल्या. आमचा साचा, म्हणजे जाळी ताणलेली लाकडी चौकट, मोठा, दोघांनी धरायचा असतो. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला नवरा. दोघांनी साचा बुडवला, उचलला. जाळीवर कुठे गुठळी, कुठे भोक. ताव सोडवायला गेले तर त्याचे दोन तुकडे झाले. पुन्हा बुडवला, पुन्हा तेच. आठ पळ्या, दहा पळ्या, ढवळून, निवळून, सगळं करून झालं. दोन दिवसांत एक ताव धड निघाला नाही. सासूबाई म्हणाल्या, "बाहेर बोलू नकोस. इतक्या वर्षांत आपल्या हौदाला असं झालं नव्हतं."

मी बोलले नाही, पण परीक्षकाला दाखवायचे नमुने गोळा करायला तर जायलाच हवं होतं. एका घरी म्हणे साचा दुरुस्तीला टाकलाय. दुसऱ्या घरी बायकोची पाठ धरली होती. तिसऱ्याने उद्या या म्हणून दारातूनच वाटेला लावलं. चुप्पे काकांच्या अंगणात मी सरळ आत शिरले, तर दाराआड एक टोपली दिसली, काठोकाठ फाटक्या ओल्या तावांनी भरलेली. मी बघितलं, ते मी बघितलेलं त्यांनी बघितलं.

"पाणी," ते म्हणाले.

"काय झालं पाण्याला?"

"मेलं."

"काका, पाणी कधी मरतं का?"

"आपण मारलं." त्यांनी 'तू' म्हटलं नाही, 'आपण' म्हटलं. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी सातही घरं आमच्या अंगणात जमली, आणि आपला एकट्याचाच नाही, सगळ्यांचाच कागद बिघडलाय हे तेव्हा प्रत्येकाला कळलं. परीक्षक यायला सात दिवस होते. कागदच नाही तर मानांकन कशाला द्यायचं? आणि मानांकनाचंही सोडा, साय पुन्हा कधी निघणारच नाही की काय? मला कुणीही बोललं नाही. सासूबाई पायरीवर बसून जमिनीकडे बघत सांगायला लागल्या.

"माझ्या सासूबाई सांगायच्या. घर वेगळं झालं की नव्या घराने जुन्या हौदातली एक घागर न्यायची, ती आपल्या हौदात ओतायची. मगच लगदा घालायचा. सातही घरं अशीच झाली. हे सात हौद नाहीत गं. एकच पाणी आहे, सात ठिकाणी ठेवलेलं. किती जुनं ते कुणाला ठाऊक नाही."

मी ऐकत होते. ज्या पाण्याला नाक मुरडत होते ते कुणाच्या तरी पणजीच्या पणजीने भरलेलं होतं. तिच्या हातापासून माझ्या हातापर्यंत ते एकदाही तळाला गेलं नव्हतं. माझ्या हातापर्यंत आलं आणि एका दुपारीत गटारात गेलं. आणि मी इतकी व्यवस्थित, की एकही हौद विसरले नव्हते.

"आठवी घागर कुणी नेलीच नाही का?" मी विचारलं.

"वन्संनी," सासूबाई म्हणाल्या.

वन्सं म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न करून नदीपलीकडे गेली. जाताना घागर घेऊन गेली. तिथे ती आणि तिचा नवरा मिळून साय करायचे. तीस वर्षांपूर्वी नवरा गेला. साचा एकट्याला उचलत नाही, म्हणून ती इकडे आली होती, 'वहिनी, अधूनमधून माझ्याबरोबर उभी राहशील का?' असं विचारायला.

"मी म्हटलं, इथलंच आवरता आवरत नाही," सासूबाई म्हणाल्या. "खोटं नव्हतं ते. पण मी ज्या आवाजात म्हटलं ना... त्यानंतर त्या आल्या नाहीत. मीही गेले नाही. आता कसला हौद असणार तिथे? आणि मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

सकाळी मी एकटीच गेले. पूल ओलांडून पंधरा मिनिटं लागली. पंधरा मिनिटं आणि तीस वर्षं.

दार एका ठेंगण्या, जाड चष्म्याच्या बाईने उघडलं. मी सांगायला लागले, "मी तुमच्या भाच्याची—"

"वकीलबाई," त्या म्हणाल्या. "माहीत आहे. आत ये."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सोडा, ब्रश, गटार, काही लपवलं नाही. आत्याबाई मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीला लागून हौद होता, वर लाकडी झाकण. त्यांनी झाकण सरकवलं आणि तो वास आला, ओल्या पोत्याचा. अकरा वर्षं ज्याला रुमाल लावला तो वास मी या वेळी छाती भरून घेतला. माझे डोळे भरून आले. आत चहाच्या रंगाचं पाणी, वर एकसुद्धा बुडबुडा नाही, शांत.

"तुम्ही कागद करता अजून?"

"एकटीने कसा होणार?"

"मग हे पाणी?"

त्यांनी कोनाड्यातलं एक भांडं दाखवलं. उकळून कुटलेल्या जुन्या चिंध्या होत्या त्यात. "आठवड्याला एक मूठ घालते. पाणी कमी झालं की वरून घालते. ढवळते."

"तीस वर्षं?"

"मग काय उपाशी ठेवायचं त्याला?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. दीड हजारांच्या वर मुठी. एकही ताव निघणार नाही हे माहीत असताना. "कधीतरी कुणाला लागेल म्हणून?" मी विचारलं.

"छे गं. आठवड्याचं काम आहे, करायचं. त्याला 'म्हणून' कशाला हवं?" असं म्हणून त्या घागर शोधायला लागल्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "वाकतेच आहेस तर ती खालची कळशी काढ."

दुपारी सात घरांतून सातजण सात घागरी घेऊन गेले. आत्याबाईंनी स्वतः त्या भरल्या. "एकेकच पुरे," म्हणाल्या. "मुठीने लगदा घाला, झाका, आणि सारखं उघडून बघू नका." निघताना मला हळूच विचारलं, "वहिनी बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत."

"हं."

पुलावरून आमची रांग परत आली ते दृश्य मी विसरणार नाही. एरवी एकमेकांच्या दारावरून जाताना टोमणा मारल्याशिवाय पाऊल न टाकणारी ही माणसं, त्या दिवशी कुणी तोंड उघडत नव्हतं. भर उन्हात, घागरीत नजर लावून, पाऊल मोजत चालले होते. समोरून येणारा सायकलवाला, काय वाटलं कोण जाणे, उतरून बाजूला उभा राहिला.

पाचव्या दिवशी आमच्या हौदाला वास आला. सहाव्या दिवशी सासूबाई आणि नवऱ्याने साचा बुडवला. पाणी जाळीतून सावकाश उतरलं, घाई नाही की अडखळणं नाही, आणि मागे जाळीवर जे राहिलं ते आधी दिसलंच नाही, इतकं ते एकसारखं होतं. खिडकीचा उजेड पडला तेव्हा दिसलं. रस्त्यापलीकडून चुप्पे काकांचा आवाज आला, चक्क ओरडल्याचा. त्यांच्याकडेही निघाला होता.

सातव्या दिवशी परीक्षक आले. सडपातळ, मितभाषी गृहस्थ, काखेत फाइल. त्यांनी वाळलेला ताव उजेडात धरला आणि त्यातून त्यांना स्वतःच्या तळहाताच्या रेषा दिसल्या. ते तसेच उभे राहिले. एकदा हात बघायचे, एकदा ताव. मग भानावर आले, फाइल उघडली आणि वाचलं, "सर्व हौद नियमितपणे रिकामे करून स्वच्छ केले जातात." ते हौदात वाकले. "हे पाणी शेवटचं कधी बदललं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. 'दहा दिवसांपूर्वी' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि ते खरंही होतं. पण त्या हौदापुढे उभं राहून माझ्याच्याने ते म्हणवेना. मी सगळं सांगितलं. तो रकाना मी शोभेसाठी लिहिला, मग खरा करायला गेले, आणि सात घरांचं पाणी मारलं. आता जे आहे ते नदीपलीकडून आणलंय, माझ्या लाल रेघेच्या बाहेरून.

परीक्षकांनी चष्मा काढला. "म्हणजे या कागदाचं मूळ तुमच्या हद्दीबाहेर आहे."

"हो."

"तसं लिहिलं तर अर्ज टिकत नाही, कल्पना आहे ना?"

"आहे."

त्यांनी चष्मा पुसला, परत लावला. "मला तिथे घेऊन चला."

कुणी काही म्हणायच्या आत सासूबाईंनी पायात चपला सरकवल्या होत्या.

आत्याबाईंनी दार उघडलं. आधी परीक्षक दिसले, मग मी, मग माझ्यामागे सासूबाई. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींचे केस पांढरे झाले होते, बहुतेक दोघी तेच बघत असाव्यात.

"वन्सं," सासूबाई म्हणाल्या.

"ये, वहिनी. उंबरा उंच आहे, सांभाळून."

परीक्षकांनी हौद बघितला, मुठीचं भांडं बघितलं, तीस वर्षांची गोष्ट ऐकली. मग जरा अवघडून म्हणाले, "आजी, मी हद्द पुलापलीकडे वाढवायची शिफारस करू शकतो. मग पाणी हद्दीतलंच होईल, अर्ज टिकेल. पण त्यासाठी इथे कागद तयार होतो हे मला डोळ्यांनी दिसायला हवं. नुसतं पाणी ठेवणं म्हणजे उत्पादन नाही. नियम आहे तसा. तुम्ही शेवटचा ताव कधी काढला?"

"हे होते तेव्हा," आत्याबाई म्हणाल्या. "एकटीने होत नाही, साहेब."

परीक्षक फाइल मिटायला लागले. इतकं टिकलेलं पाणी, आणि एका माणसाअभावी ते कागदोपत्री पाणीच राहणार होतं.

सासूबाई भिंतीकडे गेल्या. खुंटीवर साचा टांगलेला होता, फडक्यात गुंडाळून. त्यांनी तो काढला, फडकं सोडलं, जाळीवर हात फिरवला. "तेल लावत होतात तुम्ही याला," म्हणाल्या.

"मग काय, कोरडा पडू देऊ?"

सासूबाईंनी बाह्या वर केल्या आणि हौदाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "माझा डावा हात आता वर जात नाही, वन्सं."

"माझा उजवा जात नाही. चालेल."

आत्याबाईंनी लगदा सोडला, ढवळलं. मुठीबरोबर हौदाला घालायला त्यांच्याकडेही बियांचं बुळबुळीत पाणी होतं. सहा पळ्या. मी फक्त बघत होते. त्यांनी साचा धरला, आणि कुणी एक-दोन-तीन म्हटलं नाही, कुणी मान हलवली नाही, पण साचा दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी पाण्यात गेला. वर आला तो एका बाजूला झुकलेला. ताव एकीकडे जाड, एकीकडे विरळ.

"परत," आत्याबाई म्हणाल्या, आणि साचा उलटा केला. ताव पाण्यात गेला, विरघळून गेला.

"तेव्हाच यायला हवं होतं मी," सासूबाई खाली बघत म्हणाल्या.

"नीट धर. अंगठा आत."

दुसऱ्यांदा साचा वर आला तो सपाट. पाणी उतरत गेलं. खोलीत फक्त थेंबांचा आवाज होता. परीक्षक दोन पावलं पुढे आले होते, त्यांनाही ते कळलं नसावं. जाळीवर साय धरली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिच्याखाली दोघींची बोटं दिसत होती, सुरकुतलेली, ओली, एका ओळीत. मी आयुष्यात पुष्कळ शिक्के, सह्या, हुकूमनामे बघितलेत. त्यांतल्या कशापुढेही माझे हात आपोआप जोडले गेले नव्हते.

परीक्षकांनी माझी स्वच्छतेची ओळ खोडली. काय लिहू म्हणून त्यांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं, हौद कधीही रिकामा करू नये. मग नकाशा काढून रेघ पुलापलीकडे नेली, खाली सही केली, पेनाला टोपण लावलं.

"झालं, आजी," ते म्हणाले. "एवढंच बघायचं होतं मला. आता थांबलात तरी चालेल."

दोघींपैकी एकीनेही ऐकलं नाही. साचा पुन्हा पाण्यात गेला होता.